आजीचं घराबाहेरचं आयुष्य कसं लिहून काढावं

आजी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी घरच्यांनी मला तिच्यावर एक पान लिहायला सांगितलं. मी मुद्रितशोधक आहे, दुसऱ्यांचं लिखाण तपासण्यातच माझा दिवस जातो, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. तासाभरात पान भरलं. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, निःस्वार्थी, सेवाभावी. मग सवयीने लाल पेन उचललं आणि जे वाक्य कुणाच्याही आजीला जसंच्या तसं चालेल ते खोडत गेले. शेवटी एकच वाक्य शिल्लक राहिलं: 'वाचायला बसण्याआधी ती भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची.'

का ठेवायची, हे मला माहीत नव्हतं.

चाळीसएक वर्षं माझी आजी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होती. आधी कॅसेटवर, नंतर फोनवर. परीक्षा जवळ आली की त्यांच्यासाठी लेखनिक शोधायची, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उत्तर शब्दशः उतरवून देणारी मुलं-मुली. घरात आम्हाला त्यातलं दिसायचं ते इतकंच: बंद दार, काढलेलं घड्याळ आणि 'आता आवाज नको'. बाकी सगळं ज्यांच्यासाठी ती वाचायची त्यांच्याकडे होतं. ते गोळा करायला मला अकरा महिने लागले. तुमची आजी रुग्णांजवळ बसत असेल, वाचनालय सांभाळत असेल, मोठ्या माणसांना अक्षरं शिकवत असेल. तिचंही अर्धं आयुष्य असंच बाहेर विखुरलेलं असणार. ते कसं शोधायचं, कसं विचारायचं आणि कसं लिहायचं, ते मला जमलं तसं सांगते.

आधी तिचं अडलेलं काम

लिहायला घेण्याआधी तिने कुणाला काय कबूल केलं होतं ते पाहा. स्वयंसेवक माणूस जातो तेव्हा कुणाचं तरी काम अर्ध्यावर थांबलेलं असतं, आणि त्या माणसाला आपण बहुधा ओळखतही नसतो. आजीच्या फोनमध्ये एका अर्थशास्त्राच्या पुस्तकाचे सात धडे ध्वनिमुद्रित केलेले सापडले. पुस्तक बारा धड्यांचं होतं. ज्या मुलीसाठी ते होतं ती रोज वाट पाहत होती आणि आजींना बरं नसेल असं समजून फोन करायचं टाळत होती. मी तिला बातमी सांगितली आणि राहिलेले पाच धडे मीच वाचून दिले. ते देताना आमचं जे बोलणं झालं ती माझी पहिली मुलाखत. ती मागावी लागली नाही.

दुसरी गोष्ट फोनची. नंबर बंद करायची घाई करू नका. कितीतरी खाती त्या नंबरावर येणाऱ्या संकेतांकावर (ओटीपीवर) चालतात आणि सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं गेलं नाही तर काढून टाकलं जातं. गूगलनेही २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायला सुरुवात केली आहे. त्यामुळे घरच्यांच्या संमतीने पहिल्या महिन्यातच महत्त्वाची संभाषणं 'एक्स्पोर्ट' करून घ्या, आणि तसं करताना 'मीडियासह' हा पर्याय निवडा. तो राहिला तर नुसता मजकूर येतो, तिचे आवाजी निरोप येत नाहीत.

तिसरी गोष्ट आवराआवरीची. तिचं टेबल, कपाट, पिशवी जशी आहे तशी आधी छायाचित्रात घ्या. खण उघडून, वरून, उजेडात. कुठली वस्तू कशाच्या शेजारी होती हेही सांगण्यासारखं असतं. आमच्याकडे चांगल्या मनाने कुणीतरी दोन दिवसांत कपाट आवरलं आणि पत्रांच्या कार्बन प्रतींचा एक खोका रद्दीत गेला. त्यात कुणाला काय लिहिलेलं होतं हे आता कधीच कळणार नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

माणसांची यादी

आजीची एक वही होती, कॅसेटचा हिशेब ठेवायची: विद्यार्थ्याचं नाव, विषय, कॅसेट किती, कधी पाठवल्या, कधी परत आल्या. तुमच्याकडे अशी वही नसली तर जुनी फोनडायरी पाहा, औषधांच्या यादीमागे लिहिलेले नंबर पाहा, कॅलेंडरच्या चौकोनातली आद्याक्षरं पाहा. खोडलेली नावंसुद्धा उतरवून घ्या. खोडलेलं नाव म्हणजे बहुधा बदललेला नंबर असतो, तुटलेला संबंध क्वचितच.

यादी झाली की जवळच्यांपासून सुरुवात करायचा मोह होतो. तसं करू नका. वयाने सगळ्यांत मोठं माणूस आधी, मग आजारी, मग दूरचं. घरातली माणसं सगळ्यांत शेवटी, कारण ती हाताशी आहेत आणि त्यांच्या आठवणी एकमेकांत इतक्या मिसळलेल्या असतात की बाहेरून काही हाती आल्यावरच त्या सुट्या होतात. यादीत मी पोस्टमनचं नाव घातलं तेव्हा काका म्हणाले, "त्यांना काय माहीत असणार?" अंधांसाठीच्या साहित्याला टपालखर्च माफ असतो, तशी तरतूद जागतिक टपाल संघाच्या करारातच आहे. त्यामुळे आजीची पाकिटं तिकिटांशिवाय जायची आणि नवीन माणूस कामावर आला की प्रत्येक वेळी तिला ते समजावून सांगावं लागायचं. निवृत्त झालेल्या त्या पोस्टमनना तिचं वाक्य पाठ होतं: "दादा, यात पुस्तक आहे, फक्त ते ऐकायचं आहे." घरातल्या कुणीही हे वाक्य ऐकलेलं नव्हतं.

माणसं तिला कशी हाक मारतात तेही टिपून ठेवा. आजीचे सुरुवातीचे विद्यार्थी तिला 'काकू' म्हणतात, नंतरचे 'आजी'. तारीख कुणालाच आठवत नव्हती तिथे या हाकांवरून मला काळ लावता आला.

विचारायचं कसं

इथे मी सर्वांत जास्त चुकले, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्या चार-पाच जणांना मी विचारलं, "आजी किती प्रेमळ होती, नाही?" सगळे म्हणाले, "हो, फारच." त्यापुढे काही येईना. प्रश्नातच उत्तर घालून दिल्यावर समोरचा दुसरं काय देणार? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली केलेला एक प्रयोग मला नंतर वाचायला मिळाला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवून त्यांनी गाड्यांचा वेग विचारला. काहींना 'गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा' असं विचारलं, काहींना 'एकमेकींना लागल्या तेव्हा' असं. पहिल्यांनी सरासरी ताशी ४१ मैलांच्या आसपास वेग सांगितला, दुसऱ्यांनी ३२ मैलांच्या. प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं होतं. पुढच्या प्रयोगात आठवड्याभराने फुटलेल्या काचांबद्दल विचारलं, तेव्हा कठोर क्रियापद ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना काचा आठवल्या. फितीत काचा नव्हत्याच. शब्दांवर पोट असलेल्या माझ्यासारखीला हे आधीच सुचायला हवं होतं. आठवण प्रत्येक वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना हाताशी पडलेला शब्द ती उचलते. तुमचा शब्द तिच्या हाताशी ठेवू नका.

म्हणून विशेषण न घालता विचारा. पहिल्यांदा भेटलात तेव्हा तुम्ही कुठे बसला होता? ती कुठे होती? तिने आधी काय विचारलं? काम संपल्यावर ती लगेच उठायची की बसून राहायची? तिने कधी नाही म्हटलं का, आणि कशाला? एक प्रश्न विचारा आणि गप्प राहा. मी मनात दहापर्यंत मोजायला शिकले. सात-आठच्या सुमारास माणूस पुन्हा बोलायला लागतो, आणि ते बोलणं आधीच्या बोलण्यापेक्षा वेगळ्या खोलीतून येतं.

अंध विद्यार्थ्यांशी बोलताना मला सगळे प्रश्न नव्याने घडवावे लागले. "ती कशी दिसायची?" हा प्रश्न मी अनवधानाने एकदा विचारलासुद्धा. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ते तुम्हाला माहीत. ती कशी ऐकू यायची ते मला विचारा." मग त्यांनी अर्धा तास जे सांगितलं ते माझ्या सगळ्या लिखाणाचा कणा झालं. धडा सुरू करण्याआधी ती पाणी प्यायची आणि भांडं लाकडावर ठेवल्याचा आवाज यायचा. तो आला की ते वही-लेखणी सरसावून बसायचे, म्हणजे ब्रेलची पाटी आणि टोकदार दाभण. भूमितीची आकृती आली की ती आधी म्हणायची, "टेबलावर तळहात ठेव. अंगठ्याचं टोक म्हणजे अ." कॅसेटमधून एक बाई आपल्या तळहातावर त्रिकोण काढते आहे, असं त्यांना वाटायचं. आणि घड्याळ? "त्याची टिकटिक टेपवर येते ना. काकूंनी पहिल्या कॅसेटवर तशी येऊ दिली होती. मी परत पाठवताना कळवलं की एकाग्रता मोडते. त्यानंतर कधी आली नाही."

अकरा महिन्यांत मला मिळालेल्या उत्तरांपैकी हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. घरात आम्ही त्या घड्याळाला आजीची एक लहर समजत होतो.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना आणखी एक ध्यानात ठेवा. मोठेपणी माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट आठवतात. ऐंशीच्या माणसाला 'गेल्या दहा वर्षांतलं सांगा' म्हटलंत तर तो चाचपडतो. त्याच्या पंचविशीत आजी कुठे होती तिथून सुरुवात करा आणि त्याला स्वतःहून पुढे येऊ द्या.

मुलाखत ध्वनिमुद्रित करताना फोन विमान-स्थितीत ठेवा, बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर, मऊ कापडावर. पंखा बंद. सुरुवातीला तारीख, कोण बोलतंय आणि ध्वनिमुद्रणाला त्यांची परवानगी आहे हे तुमच्या आवाजात बोलून घ्या. तासाभरापेक्षा जास्त बसू नका. त्याच रात्री पुन्हा ऐकून कागदावर नुसती मिनिटं टिपा: १२व्या मिनिटाला पोस्ट, ३१व्या मिनिटाला भांडण. सगळं शब्दशः उतरवून काढायचं मनात धरलंत तर तीन मुलाखतींत थकाल.

कॅसेटी

आजीने स्वतःबद्दल काही बोललेलं एकही ध्वनिमुद्रण आमच्याकडे नव्हतं. पण तिच्या परत आलेल्या ५३ कॅसेटी होत्या आणि त्यांत इतिहास, नागरिकशास्त्र आणि व्याकरण भरलेलं होतं. घरातल्यांना वाटलं, पाठ्यपुस्तकात काय ऐकायचं?

बोलकी पुस्तकं आधी तबकड्यांवर निघाली, अमेरिकेत १९३४ च्या सुमाराला आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली. त्यासाठी ध्वनिमुद्रणशाळा लागायची. फिलिप्सने १९६३ साली छोटी कॅसेट आणली तेव्हा घरच्या खोलीत बसून एका बाईला एका मुलासाठी एक पुस्तक वाचता येऊ लागलं. आजीचं काम त्या छोट्या डबीमुळे शक्य झालं. आणि घरात वाचलेल्या कॅसेटमध्ये घर येतंच. एका कॅसेटच्या सुरुवातीला ती म्हणते, "समोर बांधकाम चालू आहे, ठोकाठोक ऐकू येईल, माफ कर." दुसरीत खोकला येतो आणि ती म्हणते, "वाक्य पुन्हा घेते." एका उत्तराखाली छापलेली चूक तिच्या लक्षात आली, तेव्हा ती थांबून सांगते, "पुस्तकात असं आहे, पण मला हे चूक वाटतं. तुझ्या बाईंना विचार." माझ्या धंद्याचं मूळ कुठे आहे ते मला त्या वाक्यात सापडलं.

तुमच्याकडे कॅसेटी असतील तर माळ्यावरून काढलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये थेट घालू नका. आधी कॅसेटच्या मागच्या कडेला असलेले दोन छोटे प्लॅस्टिकचे खटके मोडा, म्हणजे चुकून त्यावर नवं ध्वनिमुद्रण होणार नाही. यंत्राचं हेड आणि रबरी चाकाजवळचा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. नको असलेली एखादी कॅसेट लावून यंत्र फीत गिळत नाही ना ते पाहा. मग हवी ती कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे न्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत त्याने सैल होते. १२० मिनिटांची कॅसेट असेल तर विशेष जपा, तिची फीत फार पातळ असते.

यंत्राच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून), ते नसेल तर इअरफोनच्या भोकातून, वायर संगणकात घ्या. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरतो. वेव्ह प्रकारातच साठवा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. एमपीथ्री नंतर वाटायला बनवता येते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, इथे घाई चालत नाही. ५३ कॅसेटी म्हणजे जवळजवळ ८० तास. मी रोज संध्याकाळी एक लावायची आणि शेजारी बसून ऐकायची.

खरखर काढायची असेल तर ती प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. पहिल्या दोन कॅसेटींवर मी तो प्रयोग केला. आवाज स्वच्छ झाला खरा, पण पान उलटल्याचा आवाज गेला आणि वाक्यांच्या मधला तिचा श्वासही गेला. पुन्हा पहिल्यापासून केलं.

छायाचित्रं

यावर इतरत्र पुष्कळ सापडेल, म्हणून थोडक्यात. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, अख्खं पान स्कॅन करा. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, म्हणजे ती आपोआप काळानुसार लागतात. लॅमिनेशन कधीही नको. आणि फोटोत न दिसणारा, म्हणजे फोटो काढणारा कोण होता, तेही विचारा. आजीच्या कामाचा जो एकमेव फोटो आहे तो तिच्या एका विद्यार्थ्याने, आवाजाच्या दिशेने कॅमेरा धरून काढलेला आहे. चौकटीत ती थोडी डावीकडे गेली आहे. मी तो कापून 'नीट' केला नाही.

ज्यांच्यासाठी तिने काम केलं ते कसे लिहायचे

माझ्या पहिल्या खर्ड्यात 'बिचाऱ्या मुलांसाठी' असे शब्द होते. खर्डा मी तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोनवर वाचून दाखवला. ते आता स्वतः शिक्षक आहेत. ते म्हणाले, "काकूंनी आम्हाला बिचारं समजलं असतं तर व्याकरणाच्या चुका काढल्या नसत्या. मला बिचारा लिहू नका. मी विद्यार्थी होतो, त्या वाचक होत्या." मी ते शब्द काढले आणि सबंध लिखाण त्या नजरेने पुन्हा तपासलं. आजीला मोठं दाखवण्यासाठी मी जागोजाग दुसऱ्या कुणाला तरी लहान केलं होतं. तुमच्या आजीने ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना त्यांच्याबद्दलचा मजकूर छापण्याआधी ऐकवा. नाव घालू का ते विचारा. आजाराबद्दल, घरच्या अडचणींबद्दल तिला विश्वासाने सांगितलेलं काही कागदपत्रांत सापडलं तर ते तिच्याइतकंच तुम्हीही जपा. मी अशी तीन पत्रं ज्यांची त्यांना परत केली, एकही ओळ न वापरता.

आणि तिला देव करू नका. वेळेवर न येणाऱ्या लेखनिकांवर ती ओरडायची. चुकीचा उच्चार ऐकला की तिच्या कपाळावर आठी यायची. या गोष्टी विद्यार्थीच हौसेने सांगतात.

सगळ्यांत कठीण गोष्ट मला आत्याकडून कळली. घरातली माणसं मी शेवटी ठेवली होती आणि त्यांतही आत्या सर्वांत शेवटी. मी विचारलं, "दार बंद असायचं तेव्हा तू कुठे असायचीस?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दाराबाहेर. ती सगळ्यांसाठी वाचायची. मला तिने कधी गोष्ट वाचून दाखवल्याचं आठवत नाही."

सेवा करणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात असं एखादं वाक्य असतं. ते गाळलं तर चरित्र खोटं होतं. त्यावर निवाडा दिला तरीही खोटंच होतं. मी आत्याला विचारलं, तिने लिही म्हटलं, आणि मी ते तिच्या शब्दांत, तिच्या तोंडी, स्पष्टीकरण न जोडता लिहिलं. 'पण तिचा हेतू चांगला होता' असं पुढे जोडायला हात शिवशिवतो. तो आवरा.

त्यानंतर काही आठवड्यांनी सदतिसाव्या कॅसेटमध्ये मला एक जागा सापडली. आजी इतिहास वाचते आहे. दारावर टकटक होते, हळू, खालच्या बाजूला, लहान मुलाची. वाक्य अर्ध्यावर थांबतं, खटक्याचा आवाज येतो. मग दुसरा खटका आणि आजीचा आवाज: "पान एकशे बारा, परिच्छेद पुन्हा सुरुवातीपासून." मधे किती वेळ गेला ते टेपवरून कळत नाही. पाच मिनिटं असतील, दुपारभर असेल. मी आत्याला ते ऐकवलं. तिने तेवढाच तुकडा आपल्या फोनवर मागून घेतला. ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरू करू नका. तारखा, शिक्षण, लग्न, मुलं हे एका परिच्छेदात कुठेतरी मधे घाला, वाचणाऱ्याला ते शोधता आलं म्हणजे झालं. सुरुवात तिच्या कामाच्या एका साध्या दिवसाने करा. मी आजीच्या गुरुवारने केली, कारण वहीप्रमाणे ती गुरुवारी पाकिटं बांधायची: दोरी, कात्री, पत्त्याच्या चिठ्ठ्या, चष्मा कपाळावर. क्रियापदं जितकी मिळतील तितकी घ्या. 'ती शिस्तप्रिय होती' यापेक्षा 'कॅसेट परत आली की ती पहिली पाच मिनिटं ऐकून मगच वहीत खूण करायची' हे लिहा.

आकडे फक्त मोजलेलेच लिहा. 'शेकडो विद्यार्थी' लिहिण्याचा आग्रह मला झाला. वहीत ६४ नावं आहेत, म्हणून मी ६४ लिहिलं. तारखेला दोन साक्षी नसतील तर 'सुमारास' घाला. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही द्या आणि कोण काय म्हणतं ते सांगा.

स्मरणसभेत बोलायचं असेल तर हे सगळं घेऊन उभे राहू नका. अशा वेळी आवाज दाटतो, वाचणं मंदावतं. मिनिटाला शंभर शब्द धरा, पाच मिनिटांना पाचशे. त्यात दोन प्रसंग बसतात. मी एकच घेतला, घड्याळाचा.

पुस्तिका करणार असाल तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट उघडणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. छपाईच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला देवनागरी मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती अक्षरांची खिचडी होऊन उघडतो, आणि अंध वाचकांचा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, तो वाचूच शकत नाही. मजकुराचा फोटो काढून पाठवला तरी त्यांच्या दृष्टीने ते कोरं पानच. प्रत्येक छायाचित्राखाली त्यात काय आहे ते दोन वाक्यांत लिहा. ज्यांच्यासाठी आजी जन्मभर वाचत होती, त्यांनाच तिच्यावरची पुस्तिका वाचता येऊ नये हे मला सहन झालं नसतं.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा सगळ्या उघडून पाहा. आम्ही त्यासाठी ४ जानेवारी ठरवला आहे, लुई ब्रेलचा जन्मदिवस (१८०९), जो २०१९ पासून जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी घरातला प्रत्येक जण कुणाला तरी हवा असलेला एक धडा वाचून देतो. आधी फाइली तपासायच्या, मग घड्याळ स्वयंपाकघरात.

पुस्तिकेची बोलकी आवृत्तीही मी माझ्या आवाजात केली, आजीच्या पद्धतीने: आधी नाव, मग एकूण पानं, प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाचा आकडा, आकृती असेल तिथे तळहात. शेवटची दोन पानं कोरी ठेवली आहेत, शुद्धिपत्रासाठी. तुम्हीही ठेवा आणि पहिल्याच पानावर सांगा की चूक दिसली तर कळवा. लोक कळवतात, आणि चूक सांगता सांगता नवं काहीतरी सांगून जातात. आमच्या शुद्धिपत्रात आतापर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत.

पान ९: 'ब्रेलची पाटी व दाभण' ऐवजी 'पाटी व स्टायलस' वाचावे, आम्ही सगळे स्टायलसच म्हणायचो.

पान २२: पाकिटं गुरुवारी बांधली जात, पण टाकली जात शुक्रवारी. पोस्टात शुक्रवारी गर्दी कमी असे.

पान ३८: 'आजीला गाणं येत नव्हतं' हे चूक आहे. कविता आल्या की काकू चालीवर म्हणायच्या. कॅसेट क्रमांक १४, दुसरी बाजू, शेवटून ऐकावी.